फुंकायचं नाही, ओढायचं

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले की खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर हमखास एक प्लास्टिकची वस्तू दिसते. तीन पारदर्शक नळकांडी, प्रत्येकात एक हलकी रंगीत गोळी आणि बाजूला तोंडात धरायची नळी. चिठ्ठीवर तिचं नाव ‘स्पायरोमीटर’ असतं, वॉर्डात सगळे ‘गोळ्यांचं मशीन’ म्हणतात. मी सांगते, “आजी, करून दाखवा बरं.” आजी नळी ओठांत धरतात, गाल फुगवतात आणि जोर लावून फुंकतात. चूल पेटवताना फुंकणीतून फुंकावं, अगदी तसं. गोळ्या तळाशीच. सून काळजीने म्हणते, “रात्रीपासून करतायत, पण एक पण गोळी वर जाईना.”

जाणार कशी? ते मशीन फुंकण्यासाठी नाहीच. हवा आत ओढली की गोळी वर चढते. रसवंतीत स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तसा श्वास ओढायचा, सावकाश आणि लांबवर.

मी गेली २२ वर्षं मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी भूल देते. या चुकीबद्दल आजींना मी कधी बोल लावत नाही, कारण श्वास ओढायचा तो कशासाठी, हे त्यांच्याजवळ बसून कुणी सांगितलेलंच नसतं. ऑपरेशनच्या आधी नातेवाईक खूप काही विचारतात. टाके किती पडतील, खर्च किती येईल, शुद्ध कधी येणार. फुप्फुसांबद्दल क्वचितच कुणी विचारतं. पण पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर जी माणसं जास्त दिवस रुग्णालयात अडकून पडतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं टाक्यांत नसतं, छातीत असतं.

तळाची शिल्लक

श्वास सोडला की फुप्फुसं रिकामी होतात असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने शांतपणे श्वास सोडल्यावरही त्याच्या छातीत अडीच-तीन लिटर हवा उरलेली असते. एका साध्या श्वासात आपण आत घेतो ती हवा जेमतेम अर्धा लिटर. म्हणजे येणारी-जाणारी हवा थोडी आणि शिल्लक मोठी. या शिलकीवर दोन गोष्टी चालतात. दोन श्वासांच्या मधल्या वेळात रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो, आणि फुप्फुसातले बारीक वायुकोश उघडे राहतात.

वायुकोश म्हणजे ३० कोटींहून जास्त इवलाले ओलसर फुगे. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड एकदा चिकटलं की ते उघडायला बोटं किती चोळावी लागतात! उघडी पिशवी उघडी ठेवायला मात्र काहीच जोर लागत नाही. वायुकोशांचंही तसंच आहे. ते चिकटू नयेत म्हणून शरीर आतून एक साबणासारखा पातळ थर लावतं. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. त्याखेरीज आपण नकळत अधूनमधून एक मोठा उसासा टाकतो. त्या उसाशाने मिटत आलेले कोश पुन्हा फुलतात.

आता माणूस आडवा झाला. पोटातले अवयव वर सरकतात, श्वासपटलाला छातीकडे ढकलतात आणि शिलकीतली पाऊण ते एक लिटर हवा कमी होते. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, श्वासाचं मुख्य काम करणारा. भूल दिली की छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू सैल पडतात, आणखी अर्धा लिटरच्या आसपास हवा जाते. भुलीत उसासाही नाही. परिणाम असा की पाठीच्या बाजूचा, तळाचा फुप्फुसाचा भाग मिटून जातो.

हे किती जणांना होतं? स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात भुलीखाली असलेल्या माणसांचे सीटी स्कॅन काढले. काही मिनिटांतच फुप्फुसांच्या तळाशी मिटलेल्या भागाची पट्टी दिसू लागली, आणि ती साधारण ९० टक्के लोकांत होती. धडधाकट माणसांतसुद्धा. वैद्यकात याला ॲटेलेक्टेसिस म्हणतात. छोट्या शस्त्रक्रियेनंतर तो भाग बहुधा एखाद्या दिवसात आपोआप फुलतो. पोटाच्या वरच्या भागात मोठा छेद असेल, तर मात्र कित्येक दिवस मिटलेला राहू शकतो. मिटलेल्या भागात कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात. न्यूमोनियाला वाट मिळते ती इथून.

मास्क लावतात ती तीन मिनिटं

टेबलावर घेतल्यावर तोंडावर मास्क धरतात आणि “मोठे श्वास घ्या” म्हणतात. पुष्कळांना वाटतं हीच भूल, आता या वासाने झोप लागणार. प्रत्यक्षात त्या मास्कमधून बहुतेक वेळा नुसता ऑक्सिजन येत असतो. भुलीचं औषध नंतर शिरेतून जातं.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के, उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन. म्हणून शिलकीच्या अडीच लिटरमध्ये ऑक्सिजन अर्धा लिटरही नसतो. शरीर दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च करतं. भुलीचं औषध गेलं की श्वास थांबतो आणि श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत त्या माणसाला शिलकीवर जगायचं असतं. साध्या हवेवर असेल तर मिनिट-दीड मिनिटात रक्तातला ऑक्सिजन घसरायला लागतो. तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला की नायट्रोजन बाहेर पडतो, तीच जागा ऑक्सिजनने भरते आणि निरोगी माणसाला सात-आठ मिनिटांची सवड मिळते. लठ्ठ माणसाला तीनेक मिनिटांचीच, कारण त्याची शिल्लक मुळातच कमी आणि खर्च जास्त. गरोदर बाईचंही असंच. मास्क धरल्यावर कोंडल्यासारखं वाटलं तर हात हलवून सांगा, आम्ही तो थोडा सैल धरू. पण काढून टाकू नका.

याची दुसरी बाजूही आहे. नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही. तो वायुकोशात पडून राहतो आणि कोशाला आधार देतो. शुद्ध ऑक्सिजन मात्र रक्त भराभर शोषून घेतं, कोशात काही उरत नाही आणि कोश मिटतो. म्हणून नळी बसली की आम्ही ऑक्सिजनचं प्रमाण गरजेपुरतं खाली आणतो.

ओढलेला श्वास आणि ढकललेला श्वास

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर उलट करतो, बाहेरून दाब देऊन हवा आत ढकलतो. ही दाब देऊन श्वास देण्याची रीत आज आपण गृहीत धरतो, पण ती ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आली कशी याची गोष्ट मला नेहमी हलवून टाकते.

१९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडम रुग्णालयात रोज दाखल होत होती. माणसाला पेटीत ठेवून छातीभोवतीचा दाब कमी-जास्त करणारी मोठी यंत्रं तेव्हा होती, पण तिथे तसं मोठं यंत्र एकच आणि काही लहान. श्वास अडकलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. ऑपरेशनच्या टेबलावर आपण रोज करतो तेच इथे का करू नये, असं त्यांचं म्हणणं. २७ ऑगस्टला त्यांनी १२ वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या गळ्यात छिद्र करवून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण बाकीच्यांसाठी पिशव्या दाबणार कोण? सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने मुलांच्या उशाशी बसून हाताने पिशव्या दाबत राहिले. साथ ओसरेपर्यंत मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर आलं. आजचे अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाले.

इब्सेन यांना ही रीत अंगवळणी होती, त्याचं कारण दहा वर्षांपूर्वीचं. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडात मॉन्ट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ऑपरेशनमध्ये कुरारे हे स्नायू लुळे पाडणारं औषध वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावायचे तेच हे विष. सर्जनला पोट मऊ मिळालं, भुलीचं औषध कमी लागू लागलं. पण त्याबरोबर रुग्णाचा श्वासही पूर्णपणे आमच्या हाती आला, आणि ती जबाबदारी फार मोठी आहे.

दाब किती द्यायचा, हवा किती ढकलायची, यावर मतं बदलत गेली. मोठे श्वास दिले की कोश उघडे राहतील, म्हणून एके काळी वजनाच्या प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिलिटर हवा द्यायचे. आता ६ ते ८ देतात, तेही उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाला. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. शिवाय श्वास सोडल्यावरही थोडा दाब आत राखतात, म्हणजे कोश पुरते मिटत नाहीत. फ्रान्समध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ४०० जणांवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत २७.५ टक्के लोकांना गंभीर गुंतागुंत झाली, नव्या पद्धतीत १०.५ टक्के. यंत्राची बटणं थोडी वेगळी फिरवली, एवढाच फरक.

हैदराबादचा वाद

यंत्रं नव्हती तेव्हा भूल देणाऱ्याने नाडी पाहायची की श्वास, यावर सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी मोठा वाद झाला, आणि तो आपल्याच भागात. क्लोरोफॉर्म हे तेव्हाचं भुलीचं औषध दिल्यावर काही माणसं टेबलावर अचानक दगावत. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी ठामपणे म्हणत की श्वासावर लक्ष ठेवा, आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. आयोगांनी लॉरी यांच्या बाजूने कौल दिला. त्याच सुमारास तिथे शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी या जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. हे नाव आपल्याकडच्या शाळेतल्या मुलींना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

लॉरी यांचं निदान पुरतं बरोबर नव्हतं. क्लोरोफॉर्मने हृदयाची लय थेट बिघडू शकते हे गुडमन लेव्ही यांनी १९११ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांनी दाखवून दिलं. पण श्वासावरून डोळा हलू देऊ नका, हा लॉरी यांचा धडा आजही खरा आहे. आता त्या डोळ्याला यंत्रांची जोड आहे. कोविडमध्ये घरोघरी आलेली ऑक्सिमीटरची क्लिप हे आमचं जुनं हत्यार. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात त्यामागचं तत्त्व शोधलं. बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून ती रक्ताचा रंग वाचते, म्हणून नेलपॉलिश पुसून या असं सांगतात.

“नुसता चहाच दिला होता”

जागेपणी अन्नाचा कण चुकून श्वासनलिकेकडे गेला तर ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. भुलीत ठसका नाही. जठराच्या तोंडाची झडपही सैल पडते. पोटात काही असेल तर ते वर येऊन थेट फुप्फुसात उतरू शकतं.

न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. ६६ जणींच्या फुप्फुसात भुलीत पोटातला ऐवज गेला होता. दोघी घट्ट अन्नाने श्वास कोंडून दगावल्या. पुढे सशांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की नुसतं जठरातलं आम्लसुद्धा फुप्फुसं भाजून काढतं. उपाशी राहायचा नियम त्यानंतर जगभर कडक झाला.

नियम साधा आहे. तेलकट, जड जेवणानंतर ८ तास. हलकं खाणं किंवा दूध, ६ तास. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ४ तास. पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे घोळ होतो तो चहाचा. पहाटे पाच वाजता आई मुलाला कपभर चहा देते, बरोबर दोन बिस्किटं, आणि नऊ वाजता मला सांगते, “उपाशीच आहे हो, नुसता चहाच दिला.” आपला चहा दुधाचा. दूध पोटात गेलं की आम्लाने फाटून त्याचे गठ्ठे होतात, म्हणून तो जेवणातच धरायचा. अशा वेळी मी ऑपरेशन पुढे ढकलते. घरचे चिडतात. भाड्याची गाडी करून आलेले असतात, दोघातिघांची रोजी बुडालेली असते. त्यांचा राग मला समजतो, तरीही मी ढकलते.

याच्या उलटही चूक होते. रात्री दहानंतर पाण्याचा थेंब नाही आणि ऑपरेशनचा नंबर दुपारी दोनला. तान्ह्या मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे यात फार हाल होतात. निर्जळी उपवासाची गरज नसते. “माझा नंबर किती वाजता आहे, पाणी किती वाजेपर्यंत प्यायलं तर चालेल?” हे आदल्या दिवशी बेलाशक विचारा. आणि तातडीच्या ऑपरेशनला आलात तर काय खाल्लं, कधी खाल्लं, ते खरं सांगा. पोट भरलेलं असलं तरी आम्ही भूल देऊ शकतो, पण ती वेगळ्या तऱ्हेने द्यावी लागते. वजन किंवा साखर कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं सुरू असतील तर तेही सांगा, त्यांनी जठर हळू रिकामं होतं. कवळी असेल तर काढून घरच्यांकडे द्या.

जाग येते तेव्हा

ऑपरेशन संपलं की स्नायूंच्या औषधावर उतारा देतात. थिएटरच्या भाषेत, ‘रिव्हर्स’ करतात. डोळे उघडले, नाव सांगितलं म्हणजे उतारा पुरता लागू पडला असं नाही. औषधाचा थोडा अंश उरला तरी घशाचे स्नायू दुबळे राहतात, थुंकी नीट गिळता येत नाही, जीभ मागे पडते. म्हणून मनगटाजवळच्या नसेला विजेचे लागोपाठ चार बारीक झटके देऊन पाहतात. चौथ्या झटक्याला अंगठ्याची हालचाल पहिलीच्या निदान ९० टक्के आली, तरच नळी काढणं सुरक्षित. पूर्वी “मान उचलून पाच सेकंद धरा” एवढ्यावर भागवायचो. ते पुरेसं नसतं हे आता कळलं आहे.

रात्री मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास थांबून दचकून उठणाऱ्या माणसांची मला यापुढच्या काही तासांत जास्त काळजी असते. दुखणं थांबवायला दिलेली अफूच्या जातीची औषधं त्यांचा श्वास आणखी मंदावतात. घोरण्याची गोष्ट घरात चेष्टेची असते. तपासणीच्या वेळी ती बायकोने किंवा नवऱ्याने न लाजता सांगावी.

पहिले तीन दिवस

सुरुवातीला सांगितलेल्या आजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन उघड्या पद्धतीने झालं होतं, उजव्या बरगडीखाली लांब छेद. अशा छेदानंतर पहिल्या दिवशी माणसाला मोठ्यात मोठा श्वास घ्यायला सांगितला, तर तो आधीच्या निम्म्यावर येतो. दुखतं म्हणून तर येतोच. पण दुखणं पूर्ण थांबवलं तरी श्वासपटल काही दिवस सुस्तच राहतं, कारण पोटातल्या हाताळणीने त्याला मिळणारे चेतासंदेशच मंदावतात. पूर्ववत व्हायला आठवडाभर लागतो. त्यात श्वासनलिकेतले बारीक केस, जे एरवी कफ वर ढकलत असतात, ते भुलीच्या कोरड्या वायूंनी आणि औषधांनी मंद झालेले. आणि खोकायची भीती.

नेमक्या याच दिवसांत आपलं प्रेम आडवं येतं. “हलू नको, टाके तुटतील.” “पडून राहा, आराम कर.” सून उशी काढून आजींना सपाट झोपवते, तसंच चमच्याने पेज भरवते. काळजी खरी असते. पण सपाट पडलं की शिल्लक हवा पुन्हा घटते आणि आडव्या माणसाला भरवलेली पेज श्वासनलिकेत जायची भीती असते. खाटेचं डोकं वर करा. भरवायचं ते बसवूनच. शक्य असेल तर पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवा, सर्जनची परवानगी घेऊन चालवा. बसलं की पोट खाली उतरतं, श्वासपटलाला जागा होते.

खोकायचं कसं, हे मी आजींच्या खाटेवर बसून दाखवलं. चादरीची जाड घडी केली, टाक्यांवर ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात त्यावर ठेवून वर माझे हात ठेवले. “आता नाकाने श्वास घ्या. अजून. अजून थोडा. धरून ठेवा. एक, दोन, तीन. सोडा.” तीनदा असं केलं. “आता घडी घट्ट दाबा आणि पोटातून खोका.” पहिला खोकला कुचंबलेला आला. दुसऱ्याला घशात घरघर वाजली. तिसऱ्याला पिवळट बेडका पडला. आजींनी आधी टाक्यांकडे पाहिलं. टाके जागेवर होते. “तुटलं न्हाई की बाई,” म्हणाल्या. नाहीच तुटत. सर्जन टाके घालतात ते माणूस खोकणार हे धरूनच. जागेपणी दर तासाला असे दहा खोल श्वास घ्यायचे, आणि खोकला आला की घडी दाबून खोकायचं.

दुखत असेल तर सांगायचं. आपल्याकडे कळ सोसण्याचं फार कौतुक आहे, बायकांच्या बाबतीत तर अधिकच. “म्हातारीनं हूं की चूं केलं नाही,” असं मुलगा अभिमानाने सांगतो. हूं की चूं न करणारी म्हातारी श्वासही वरवरचाच घेत असते. वेदनाशामक औषध, पाठीतली बारीक नळी किंवा पोटाच्या नसांना दिलेलं बधिरीचं इंजेक्शन, हे सगळं नुसतं सुखासाठी नसतं. त्याने खोल श्वास घेता येतो.

गोळ्यांच्या मशीनबद्दल खरं ते सांगते. नुसतं ते मशीन दिल्याने छातीचे त्रास कमी होतात असं अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. श्वास नीट ओढला जातोय की नाही हे ते डोळ्यांना दाखवतं, एवढाच त्याचा उपयोग. खरा फरक कशाने पडतो, हे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात दिसलं. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागातलं मोठं ऑपरेशन ठरलेल्या ४४१ जणांपैकी निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांजवळ पुस्तिकेखेरीज ऑपरेशनआधी एकदाच, अर्धा तास, फिजिओथेरपिस्ट बसला. फुप्फुसाचा तळ कसा मिटतो, शुद्धीवर आल्याबरोबर श्वास कसे घ्यायचे, हे समजावलं आणि करून घेतलं. नुसती पुस्तिका मिळालेल्यांत २७ टक्के लोकांना छातीची गुंतागुंत झाली. ज्यांच्याजवळ कुणी बसलं त्यांच्यात १२ टक्के. हा आकडा वाचल्यापासून मी ऑपरेशनआधीच्या तपासणीत फायलीवर सही करून मोकळी होत नाही. चादरीची घडी तेव्हाच करायला लावते.

आधी सांगायच्या गोष्टी

धोका कुणाला जास्त? स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २०१० साली आला, आम्ही त्याची यादी आजही वापरतो. वाढतं वय, आधीच कमी असलेला ऑक्सिजन, मागच्या महिन्याभरात झालेला छातीचा संसर्ग, १० किंवा त्याहून कमी हिमोग्लोबिन, पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीवर छेद, दोन तासांहून लांबलेलं ऑपरेशन, आणि तातडीचं ऑपरेशन. यातल्या काही गोष्टी बदलता येतात. रक्त वाढवता येतं. मुलाला सर्दी-ताप-खोकला असेल तर हर्नियाचं ऑपरेशन दोन-चार आठवडे थांबू शकतं. भुलीत अशा मुलांचं स्वरयंत्र एकाएकी आवळतं आणि श्वास पूर्ण बंद होतो. औषधाने ते सुटतं, पण ते क्षण कुठल्याही भूलतज्ज्ञाला नको असतात.

बिडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करावी. ते जमलं नाही तर आदल्या दिवशी तरी नकोच, एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि तेवढा जास्त ऑक्सिजन वाहून नेता येतो. “अगदी जवळ आल्यावर सोडली तर उलट त्रास होतो” असं ऐकलं असेल, त्याला आधार नाही.

आजींना मीही विचारलं होतं, बिडी वगैरे? “म्या कशाला बिडी ओढू बाई!” त्या खरंच बोलत होत्या. पण ४० वर्षं बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात तुरीच्या काड्या आणि गोवऱ्या जाळून भाकरी थापल्या होत्या. चुलीच्या धुराने फुप्फुसांचं तेच होतं जे विडीने होतं, आणि फायलीत ‘धूम्रपान नाही’ एवढंच लिहिलं जातं. घरात आई, आजी, सासू यांच्यापैकी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. चुलीवर किती वर्षं काढली, सकाळी खोकल्याची उबळ येते का, दोन जिने न थांबता चढवतात का, हे आपण होऊन सांगा. श्वासाचा फवारा (इनहेलर) घेत असतील तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घ्यायचा आणि बरोबर ठेवायचा.

कमरेतलं इंजेक्शन देऊन करता येण्यासारखं ऑपरेशन असेल तर अशा माणसांना त्याचा फायदा होतो, स्वतःचा श्वास स्वतःकडे राहतो. पण प्रत्येक ऑपरेशन तसं करता येत नाही.

दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्यांना एक वेगळीच तक्रार असते. पोटाला चार भोकं आणि दुखतो खांदा! पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चिडतं. श्वासपटलाची नस मानेतून येते, खांद्याच्या नसांच्या शेजारून, त्यामुळे मेंदूला ती कळ खांद्याची वाटते. दोन-तीन दिवसांत ती जाते.

आजी पाचव्या दिवशी घरी गेल्या. जाताना सुनेला जे सांगितलं ते इथेही सांगते. आठवडाभर श्वास आणि चालणं चालू ठेवा. ताप आला, बेडका हिरवा-पिवळा पडू लागला, बसल्या जागी धाप लागली तर दाखवायला या. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक छातीत कळ येऊन दम कोंडला, खोकल्यातून रक्त पडलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन अडकल्याची ती लक्षणं असू शकतात. रात्री दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि थेट रुग्णालय गाठायचं.